टेन्युअरची फाईल आणि न मोजलेलं काम: अमेरिकेतल्या 'विमेन ऑफ कलर' प्राध्यापिकांना, कलावंतांना आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षं मी डिपेंडंट व्हिसावर घरीच होते, मग वर्क परमिट मिळालं तेव्हा एका युनिव्हर्सिटीच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये ऑफिस असिस्टंट म्हणून लागले. युनिव्हर्सिटीचं नाव सांगत नाही, कारण मी तिथे जे बघितलं ते तिकडे कुठेही बघायला मिळतं. माझ्याकडे जी कामं होती त्यात एक होतं टेन्युअरच्या, म्हणजे प्राध्यापकांची नोकरी पक्की करायच्या, फाईली लावायचं. तेव्हा सगळं कागदावर असायचं, तीन रिंगांची जाडजूड फाईल, आत रंगीत सेपरेटर, पहिला भाग रिसर्चचा, दुसरा टीचिंगचा, तिसरा सर्व्हिसचा, म्हणजे कमिट्या वगैरे युनिव्हर्सिटीसाठी केलेल्या बाकीच्या कामाचा, आणि मी पंचिंग मशीन घेऊन बसायचे, दहा दहा पानं एकदम भोकं पाडायची आणि ओवायची.

आमच्याकडे प्रिंटमेकिंग शिकवणाऱ्या एक बाई होत्या, मेक्सिकन-अमेरिकन. अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये गोऱ्या नसलेल्या प्राध्यापिका त्या एकट्याच. त्यांच्या केबिनबाहेर कायम कोणी ना कोणी उभं असायचं, आणि फक्त त्यांच्या वर्गातली मुलं नाही, फोटोग्राफीतली मुलगी, सिरॅमिक्सचा मुलगा, एकदा तर इंजिनिअरिंगची एक मुलगी कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाहून चालत आली होती कारण तिला कोणीतरी सांगितलं की त्या बाई ऐकून घेतात. कोणाच्या वडिलांची नोकरी गेलेली, कोणाला वर्गात कोणी काहीतरी बोललेलं, कोणाला कॉलेजच सोडायचं. टेबलावर टिश्यूचा बॉक्स असायचा, तो दर आठवड्याला मीच बदलायचे म्हणून मला पक्कं माहीत आहे. शिवाय युनिव्हर्सिटीतल्या प्रत्येक कमिटीला एक बाई हवी आणि एक मायनॉरिटीतलं कोणीतरी हवं, या दोन्ही जागा एकाच माणसात भरतात म्हटल्यावर बोलावणं कोणाला येणार ते उघड आहे.

त्यांची फाईल लावायची वेळ आली तेव्हा सर्व्हिसच्या सेपरेटरमागे पानं झाली तीन. कमिटीचं नाव, वर्ष, संपलं. दाराबाहेरच्या रांगेसाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

हा लेख त्या नसलेल्या रकान्याबद्दल आहे.

आधी शब्द समजून घेऊ. 'विमेन ऑफ कलर' म्हणजे काळ्या, लॅटिना, आशियाई, अरब, मूळ अमेरिकन अशा गोऱ्या नसलेल्या सगळ्या स्त्रिया. आपण पण त्यातच. पुण्या-मुंबईहून आलेल्या बऱ्याच जणींना हे पचायला वेळ लागतो, भारतात असताना स्वतःकडे असं कधी बघितलेलंच नसतं, विमानातून उतरल्यावर कोणीतरी हे लेबल लावतं. पण हे लेबल बाहेरच्यांनी चिकटवलेलं नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लॉरेटा रॉस या कार्यकर्तीने याची गोष्ट सांगितली आहे. १९७७ साली ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली होती, तिथे वॉशिंग्टनच्या काळ्या बायका आपला स्वतःचा मागण्यांचा मसुदा घेऊन गेल्या, आणि तो बघून बाकीच्या अल्पसंख्याक बायका म्हणाल्या की आम्हालाही यात घ्या. मग त्याला 'काळ्या बायकांचा मसुदा' कसं म्हणणार, म्हणून बोलता बोलता 'विमेन ऑफ कलर' हे नाव निघालं. म्हणजे हा शब्द कातडीचं वर्णन करायला आलेला नाही, एकत्र उभं राहू असा एकमेकींना दिलेला शब्द आहे तो.

दुसरा एक शब्द सारखा कानावर पडतो, इंटरसेक्शनॅलिटी. ऐकायला बोजड आहे पण आतली गोष्ट साधी आहे. सेंट लुईसमध्ये काही काळ्या बायकांनी जनरल मोटर्सवर केस केली. कंपनीने १९६४ च्या आधी काळ्या बायकांना घेतलंच नव्हतं, नंतर घेतलं, आणि मंदी आली तेव्हा सगळ्यात शेवटी आलेल्यांना आधी काढलं, म्हणजे काळ्या बायकाच गेल्या. १९७६ साली कोर्ट म्हणालं की कंपनीत बायका आहेत की, आणि वंशाच्या भेदभावाची तक्रार असेल तर ती वेगळी मांडा, दोन्ही मिळून तिसराच काही दावा करता येणार नाही. आता बघा, त्या बायका म्हणजे ऑफिसातल्या गोऱ्या बायका, आणि काळे कामगार म्हणजे कारखान्यातले पुरुष. काळी बाई दोन्ही यादींत नाही. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ साली हीच केस घेऊन दाखवलं की दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे उभ्या असलेल्या बाईला अपघात झाला तर धडक कुठल्या गाडीने दिली हे ठरेपर्यंत अँब्युलन्सच बोलवायची नाही, असा हा न्याय झाला. युनिव्हर्सिटीत अगदी असंच होतं. स्त्रियांसाठीच्या योजनांचा फायदा मुख्यतः गोऱ्या बायकांपर्यंत पोचतो, वंशाच्या नावाने केलेल्या योजना पुरुषांपर्यंत, आणि मधली बाई खिजगणतीत नसते.

आकडे बघायचे तर अमेरिकन शिक्षण खात्याचे २०१८ चे आकडे घ्या. पूर्णवेळ 'फुल प्रोफेसर', म्हणजे सगळ्यात वरची पायरी, त्यात ५३ टक्के गोरे पुरुष, २७ टक्के गोऱ्या बायका, ८ टक्के आशियाई पुरुष, ३ टक्के आशियाई बायका. काळ्या बायका २ टक्के किंवा त्याहून कमी, लॅटिना बायकाही २ टक्के किंवा त्याहून कमी. एखाद्या डिपार्टमेंटमध्ये वीस जण असले तर यातली एकसुद्धा नसणं हे तिकडे नॉर्मल आहे. आणि ही झाली पूर्णवेळवाल्यांची गोष्ट. २०२० च्या सुमारास तिकडे एकूण १५ लाखांच्या आसपास कॉलेज शिक्षक होते, त्यातले ४४ टक्के पार्टटाइम, म्हणजे आपल्या सीएचबीसारखं, तासाप्रमाणे किंवा कोर्सप्रमाणे पैसे, पुढच्या सेमिस्टरला बोलावतील की नाही याची खात्री नाही. त्यांची तर टेन्युअरची फाईलच उघडत नाही.

तर हे टेन्युअर काय असतं? आपल्याकडे प्रोबेशन संपलं की कन्फर्मेशन होतं तसंच, पण फार कडक. असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलात की साधारण सहाव्या वर्षी तुमची फाईल तपासली जाते. पास झालात तर नोकरी पक्की, सहजासहजी कोणी काढू शकत नाही. नापास झालात तर तीच नोकरी तशीच चालू राहत नाही, एक वर्ष देतात आणि मग निघायचं. फाईल आधी बाहेरच्या युनिव्हर्सिट्यांतल्या तज्ज्ञांकडे जाते, ते गुप्त पत्रं पाठवतात, मग डिपार्टमेंट मतदान करतं, मग कॉलेजची कमिटी, मग डीन, मग प्रोव्होस्ट म्हणजे युनिव्हर्सिटीच्या शैक्षणिक कारभाराचे प्रमुख, मग बोर्ड. इतक्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर बसलेले बहुतेक लोक एकाच प्रकारचे. कोणी मुद्दाम वाईट वागतं असं नाही म्हणत मी, पण कुठलं काम 'मोठं' आणि कुठलं 'ठीक आहे' हे ठरवताना प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या कामाकडेच झुकतो आणि तिथेच पाणी मुरतं.

त्या तीन सेपरेटरचं वजन पण सारखं नसतं. बहुतेक ठिकाणी रिसर्चला सगळ्यात जास्त किंमत, मग टीचिंग, आणि सर्व्हिस म्हणजे केली तर बरं. १९९४ मध्ये अमादो पदिया या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने या प्रकाराला नाव दिलं, 'कल्चरल टॅक्सेशन'. टॅक्स हा शब्द अगदी चपखल आहे. सगळ्यांना पगार सारखा पण तुमच्याकडून एक जास्तीचा कर कापला जातो, वेळेचा. तुमच्यासारख्या दिसणाऱ्या मुलांना सांभाळा, आमच्या ब्रोशरच्या फोटोत उभ्या राहा, पाहुण्यांना भेटा, कमिटीत बसा, कोणी काही वावगं बोललं तर ते का चुकीचं आहे ते पण तुम्हीच समजावून सांगा. बाई असली तर हा कर अजून वाढतो, कारण मुलं रडायला बाईकडेच येतात.

मला हे कळायला काहीच वेळ लागला नाही कारण मी मराठी घरात वाढले. माझी आई पहाटे पाचला उठून रात्री अकराला ओटा पुसायची आणि कोणी विचारलं की आई काय करते तर आम्ही सांगायचो, काही नाही, घरीच असते. घरात ते काम थांबलं तर घर थांबतं, पण ते मोजायची पद्धतच नाही. बाईंच्या केबिनबाहेरची रांग तशीच. त्यांनी दार बंद करून घेतलं असतं तर त्या वर्षी किती मुलांनी कॉलेज सोडलं असतं कोणास ठाऊक, आणि गंमत नाही, गांभीर्याने सांगते, मुलं टिकली म्हणून त्याच युनिव्हर्सिटीच्या वार्षिक रिपोर्टात अभिमानाने लिहिलं जातं.

टीचिंगच्या सेपरेटरमागे काय असतं तर मुलांनी भरलेले फीडबॅक फॉर्म. त्याबद्दल एक प्रयोग सांगते. नॉर्थ कॅरोलायनात एका ऑनलाइन कोर्सला दोन शिक्षक होते, एक पुरुष एक बाई, आणि चेहरा दिसत नसल्यामुळे त्यांनी अर्ध्या मुलांसमोर नावं बदलून घेतली. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. मुलांना ज्याचं नाव पुरुषाचं वाटलं त्याला मार्क जास्त, बाईच्या नावाला कमी, शिकवणारं माणूस तेच असूनसुद्धा. पेपर सगळ्यांना ठरलेल्या वेळेलाच परत दिले होते, तरी 'वेळेवर देतात का' या प्रश्नाला पण बाईच्या नावाला कमी मार्क. यात वेगळा उच्चार, वेगळा रंग, वेगळं आडनाव मिसळा. कॅनडात तर टोरांटोच्या एका युनिव्हर्सिटीत २०१८ साली लवादानेच सांगितलं की टेन्युअर आणि प्रमोशनसाठी शिकवण्याचा दर्जा मोजायला हे फॉर्म वापरू नका. अमेरिकेत अजून बऱ्याच ठिकाणी तेच चालू आहे.

आणि ती गुप्त पत्रं. त्यांची एक केस आहे जी प्रत्येक भारतीय प्राध्यापिकेने वाचावी असं मला वाटतं. रोझली टंग, चिनी वंशाच्या प्राध्यापिका, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या व्हॉर्टन बिझनेस स्कूलमध्ये शिकवायच्या. १९८५ मध्ये त्यांना टेन्युअर नाकारलं. त्यांचं म्हणणं असं की डिपार्टमेंटमधल्या बहुतेकांनी माझ्या बाजूने मत दिलं होतं, वर अडवलं गेलं, आणि कारण असं कळलं की व्हॉर्टनला चीनवरच्या संशोधनात रस नाही. पाच पुरुष सहकाऱ्यांना मात्र बरी वागणूक मिळाली असंही त्यांनी सरकारी समान संधी आयोगाकडे लिहून दिलं. आयोगाने त्यांची आणि त्या पाच जणांची फाईल मागितली, युनिव्हर्सिटी म्हणाली ही पत्रं गुप्त आहेत, दाखवणार नाही, हा आमच्या शैक्षणिक स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जानेवारी १९९० मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की भेदभावाची चौकशी चालू असेल तर फाईल द्यावीच लागेल, युनिव्हर्सिटीला वेगळी सवलत नाही. टंगबाई पुढे कॅनडात सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीत गेल्या, आपल्या विषयातल्या जगातल्या मोठ्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. आणि चीनमध्ये रस नाही हे वाक्य आज वाचा म्हणजे कळेल की 'हा विषय महत्त्वाचा नाही' असं म्हणताना माणसं किती आत्मविश्वासाने चुकतात.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर २०२१ चं निकोल हॅना-जोन्स यांचं प्रकरण आहेच. पुलित्झर मिळालेल्या पत्रकार, नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीने ज्या अध्यासनावर बोलावलं त्यावर आधीच्यांना टेन्युअर होतं, यांना आधी पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. आरडाओरडा झाला तेव्हा बोर्डाने ९ विरुद्ध ४ मतांनी टेन्युअर दिलं, आणि त्यांनी ते घेतलं नाही, त्या हॉवर्डला, म्हणजे काळ्या विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिलेल्या युनिव्हर्सिटीत, गेल्या. मला तो निर्णय मनापासून पटला होता.

आता कलावंतांकडे येते, कारण माझं डिपार्टमेंट ते, आणि इथे गुंता जास्त आहे. इतिहासाच्या प्राध्यापिकेचं पुस्तक छापलं की ते रिसर्च. चित्रकाराने काय दाखवायचं? प्रदर्शन हेच तिचं पुस्तक. पण प्रदर्शन कुठल्या गॅलरीत लागलं यावर किंमत ठरते, आणि गॅलऱ्यांची दारं कोणासाठी उघडी होती ते बघायला पाहिजे ना आधी. लोइस मेलू जोन्स यांचं घ्या. बॉस्टनला शिकल्या, तिथल्याच आर्ट स्कूलमध्ये नोकरी मागितली तर उत्तर मिळालं की दक्षिणेत जा आणि तुमच्या लोकांना मदत करा. पुढे त्याच हॉवर्डला त्यांनी १९३० ते १९७७ अशी ४७ वर्षं शिकवलं. १९४१ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीची स्पर्धा होती, काळ्यांना प्रवेश नाही, तर त्यांनी आपलं चित्र एका गोऱ्या मैत्रिणीच्या हाती पाठवलं. बक्षीस मिळालं. स्वतः जाऊन घेता येत नव्हतं. गॅलरीने माफी मागितली १९९४ मध्ये, त्रेपन्न वर्षांनी. आता या बाईंची फाईल लावायची तर ते बक्षीस कुठल्या पानावर लावणार?

फेथ रिंगगोल्ड पण अशाच. न्यूयॉर्कमध्ये शाळेत शिकवलं, नंतर सॅन दिएगोच्या युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाल्या. आत्मचरित्र लिहिलं तर कोणी छापेना, मग त्यांनी गोष्टी गोधड्यांवर लिहायला सुरुवात केली. हो, गोधडीच. पहिली गोधडी १९८० मध्ये आईबरोबर बसून शिवली, आई शिवणकामातली मोठी कारागीर होती. जुन्या साड्यांच्या गोधडीला आपल्याकडे कोणी 'आर्ट' म्हणत नाही, ती आजीची माया असते, आणि अमेरिकेतही गोधडीला क्राफ्ट म्हणून बाजूला ठेवायची पद्धत होती. आज त्या गोधड्या मोठ्या मोठ्या म्युझियममध्ये भिंतीवर आहेत. पण मधली वर्षं कमिट्यांमध्ये बसलेल्या किती लोकांनी किती बायकांच्या शिवणाला, विणकामाला, भिंतीवरच्या सार्वजनिक चित्रांना 'सर्व्हिस'च्या किंवा 'छंदा'च्या कप्प्यात टाकलं असेल. लॉस एंजेलिसला ज्युडी बाका या प्राध्यापिकेने चारशेहून जास्त पोरांना हाताशी धरून एका कालव्याच्या भिंतीवर जवळपास अर्धा मैल लांबीचं चित्र रंगवलं, कॅलिफोर्नियाच्या विसरलेल्या लोकांचा इतिहास. ते रिसर्च, की टीचिंग, की सर्व्हिस? तिन्ही आहे, म्हणून तर फॉर्म भरताना पंचाईत होते.

पण माझ्या मनात घर करून बसल्या त्या हॉवर्डिना पिंडेल. त्यांची ओळख मला आमच्या प्रिंटमेकिंगच्या बाईंनी करून दिली आणि तीही पंचिंग मशीनमुळे. मी एक दिवस मशीनचा ट्रे कचऱ्यात रिकामा करत होते, ते कागदाचे बारीक गोल ठिपके असतात ना, ते, तर बाई म्हणाल्या थांब, आणि कॉम्प्युटरवर मला चित्रं दाखवली. पिंडेल यांनी सत्तरच्या दशकात हेच ठिपके गोळा करून कॅनव्हासवर चिकटवले, हजारो, आणि काही चित्रांत तर एकेका ठिपक्यावर पेनने नंबर घातले. वडील गणितातले, वहीत आकडे लिहून ठेवायची त्यांना सवय, ते कुठेतरी आलं असणार. पण गोल आला कुठून ते ऐका. लहानपणी वडिलांबरोबर गाडीने केंटकीत जात असताना एका दुकानात दोघं रूट बीअर, म्हणजे दारू नसलेलं एक गोड पेय, प्यायले. पेला उलटा केला तर बुडाला लाल गोल रंगवलेला. वडिलांना विचारलं हे काय, ते म्हणाले काळ्या लोकांना द्यायची भांडी वेगळी ओळखू यावीत म्हणून. मी ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यासमोर गावच्या हॉटेलच्या बाहेर वळचणीला ठेवलेली कपबशी आली, दलितांसाठी वेगळी, ज्याची त्याने विसळून ठेवायची. बाईंना मी ते सांगितलं तर त्या कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत.

पिंडेल १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये लागल्या, वर चढत क्युरेटर झाल्या, बारा वर्षांनी सोडून स्टोनी ब्रुक युनिव्हर्सिटीत शिकवायला गेल्या. त्याच वर्षी गाडीचा मोठा अपघात झाला, आठवणी पुसल्या गेल्या. त्यानंतर १९८० मध्ये त्यांनी बारा मिनिटांचा व्हिडिओ केला ज्यात त्या स्वतःचे अनुभव सांगतात, शाळेत काय झालं, नोकरीत काय झालं, आणि मधे मधे गोरा मेकअप आणि विग घालून त्याच एक गोरी बाई होऊन म्हणतात की तुला उगाच भास होतात. हे वाक्य ऐकलं नाही अशी एकही विमेन ऑफ कलर मला आजपर्यंत भेटलेली नाही. तो व्हिडिओ दाखवला गेला न्यूयॉर्कच्या ए.आय.आर. या बायकांनी चालवलेल्या गॅलरीत, आणि त्या प्रदर्शनाच्या तीन क्युरेटर होत्या क्युबाच्या आना मेंदिएता, जपानच्या काझुको मियामोतो आणि आपल्या अलीगढच्या झरिना. झरिना त्या काळात न्यूयॉर्कमध्ये बायकांच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतही होत्या. गॅलरी बायकांची खरी, पण त्यातल्या बहुतेक गोऱ्या, म्हणून या तिघींनी मिळून वेगळं प्रदर्शन भरवलं. म्हणजे आधार कोणी वरून दिला नाही, जिला एक खोली मिळाली तिने बाकीच्यांना आत घेतलं.

आणि मग पिंडेल यांनी जे केलं ते माझ्यासाठी या सगळ्या विषयाची किल्ली आहे. त्यांनी मोजलं. न्यूयॉर्कची म्युझियम आणि गॅलऱ्या घेतल्या, कोणाची प्रदर्शनं झाली, कोणाची नावं यादीत आहेत, सगळं मोजून १९८७ मध्ये आकडे लोकांसमोर ठेवले. कितीतरी गॅलऱ्यांच्या यादीत १०० टक्के गोरे. तोपर्यंत 'असं काही नाही हो, आम्ही फक्त क्वालिटी बघतो' म्हणता येत होतं. पिंडेल यांचं स्वतःचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन शिकागोत झालं २०१८ मध्ये, तेव्हा त्या सत्तरी ओलांडून गेल्या होत्या.

तर आधार देणं म्हणजे काय यावर माझं मत असं बनलंय की एक दिवसाचं वर्कशॉप, सत्काराचा लंच, मार्च महिन्यातलं पॅनल, याने काडीचाही फरक पडत नाही, उलट त्या लंचला पण परत त्याच बाईला भाषणाला बोलावतात. फरक पडतो मोजल्याने. मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, नॉर्थ कॅरोलायनातल्या युनिव्हर्सिट्यांमध्ये एक प्रयोग झाला, केरीअ‍ॅन ओमेरा, जोया मिश्रा वगैरेंनी केलेला. काही डिपार्टमेंट निवडून त्यांनी एक साधा तक्ता बनवायला लावला, कोण किती मुलांना गाईड करतं, कोण किती कमिट्यांवर आहे, आणि तो तक्ता सगळ्यांना दिसेल असा ठेवला. बस. वाटणी डोळ्यासमोर आली की बोलणं सुरू होतं, 'अरे ही सहा कमिट्यांवर आणि तो एकावर' हे दिसल्यावर गप्प बसणं अवघड जातं. जास्तीची सर्व्हिस झाली तर पुढच्या सेमिस्टरला एक कोर्स कमी द्यायचा, हा दुसरा उपाय. टेन्युअरच्या नियमात आधीच लिहून ठेवायचं की समाजात जाऊन केलेली कला हा रिसर्च धरला जाईल, म्हणजे सहा वर्षांनी कमिटीच्या मर्जीवर राहायला नको. एकट्या बाईला आणायचंच नाही, दोन-तीन जणींना एकदम नेमायचं, म्हणजे सगळा कर एकीच्या डोक्यावर बसत नाही. स्टुडिओला जागा, शाई-कागदाला पैसे, उन्हाळ्यात मूल सांभाळायला पैसे. हे सगळं कंटाळवाणं वाटतं ऐकायला, आणि म्हणूनच होत नाही, टाळ्या मिळत नाहीत त्याला.

मेंटरिंगबद्दल एकच सांगते. तिकडे नवीन प्राध्यापिकेला एक सिनियर नेमून देतात आणि मोकळे होतात. पण एका माणसाकडे सगळं कसं असेल, लिहिण्याचं वेगळं, ग्रँटचं वेगळं, डिपार्टमेंटच्या राजकारणाचं वेगळं, आणि नुसतं मन मोकळं करायला वेगळं कोणी. एक गुरू शोधू नका, चार-पाच माणसं शोधा. आमच्या बाईंच्या चौघी होत्या, चार राज्यांत, दर रविवारी फोन.

सध्या तिकडे वारं उलटं आहे. टेक्सासमध्ये जानेवारी २०२४ पासून सरकारी युनिव्हर्सिट्यांमधली डायव्हर्सिटीची ऑफिसं, म्हणजे अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आधार द्यायला असलेली, कायद्यानेच बंद झाली, फ्लोरिडाने त्याच्या आधीच पैसे बंद केले होते, २०२५ मध्ये केंद्राकडूनही तसेच आदेश निघाले आणि मे महिन्यात कलेच्या राष्ट्रीय निधीने आधी मंजूर केलेल्या कितीतरी ग्रँट रद्द केल्या. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पण ऑफिसं बंद झाली म्हणून मुलांचं येणं बंद होत नाही, ती आता अजून जास्त त्याच एका केबिनकडे वळतात. तक्ता करायला, कामाची वाटणी करायला मात्र डायव्हर्सिटी हा शब्द वापरावा लागत नाही.

आपल्या लोकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'विमेन ऑफ कलर' म्हटलं की सगळ्या भारतीय बायका एका रांगेत येतात, पण त्या रांगेतही पुढेमागे आहे. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत इतिहासाच्या प्राध्यापक आहेत, दलित स्त्रियांचं शिक्षण, तमाशातल्या कलावंत बायकांचं जगणं यावर त्यांचं काम आहे, २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, पाच वर्षांत मिळून आठ लाख डॉलर, कशासाठी खर्च करायचे याची अट नाही. तमाशातली बाई हा संशोधनाचा विषय असू शकतो हे आपल्याच किती विद्यापीठांत सहज मान्य झालं असतं? कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये भेदभावाच्या नियमात जात हा शब्द घातला तेव्हा विरोध करणाऱ्यांत भारतीय प्राध्यापक पण होते. गोऱ्यांनी आपल्याला मोजावं असं वाटत असेल तर आपण आपल्यातल्या कोणाला मोजत नाही तेही बघावं लागेल.

आमच्या बाईंचं पुढे काय झालं ते राहिलं. फाईल जायला अजून दोन महिने होते. मी त्यांना म्हटलं बाई, तुमच्याकडे कोण आलं, कधी आलं, किती वेळ बसलं, हे लिहून ठेवलंय का कुठे? म्हणाल्या नाही, पण कॅलेंडर आहे. मग आम्ही दोघी संध्याकाळी बसलो, पाच वर्षांची कॅलेंडरं, जुने ईमेल, मुलांची नावं न लिहिता फक्त तारीख, वेळ, कशासाठी. कुठल्या मुलीला स्कॉलरशिपचं पत्र लिहून दिलं, कोणाबरोबर डीनकडे गेल्या, कोण पुढे कुठे शिकायला गेलं. दोन आठवडे लागले. डिपार्टमेंटच्या चेअरना दाखवलं, त्यांनी वाचलं आणि म्हणाले लाव.

सर्व्हिसच्या सेपरेटरमागे ती पानं लावायला घेतली तर रिंग बंद होईना, स्टोअरमधून मोठी फाईल आणावी लागली, आणि पंचिंग मशीनचा ट्रे त्या संध्याकाळी दोनदा भरला. दुसऱ्यांदा भरला तो बाई एका पाकिटात घालून घरी घेऊन गेल्या.